एका देवकाचे मासे

शुक्रवारी सकाळी काळ्या डोहात साठ हजार बोटुकली सोडायची, असा ठराव पाथरवाडीच्या मच्छीमार सोसायटीनं सोमवारी केला आणि तेव्हापासून पुतळाबाईला अन्न गोड लागेना. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. ही बोटुकली सोसायटीच्याच तलावातली, कटल्याची. आणि सोसायटीचं बी म्हणजे साऱ्या मुलखात पुतळीचं बी. तेरपासून जळकोटपर्यंत आणि पार तिकडं परंड्याच्या अंगाला सोनारीपर्यंत, ज्याला आपल्या पाण्यात कटला सोडायचा असेल तो आधी विचारायचा, "पुतळीचं हाय का?" जित्याजागत्या बाईच्या नावानं मासा ओळखला जातो, असं भाग्य भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही. आणि आता तीच बाई म्हणत होती, हे बी डोहात पडू द्यायचं नाही. गाव म्हणालं, म्हातारीला वेड लागलं. गावानं तिला वेडी ठरवायची ही काही पहिली वेळ नव्हती.

पहिली वेळ दुष्काळातली. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच, आणि पुढच्या चैत्रात निजामाच्या काळातला तो एवढा थोरला तलाव आटून खळ्याएवढा चिखल उरला. अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. पुतळाबाई आणि तिचा नवरा व्यंकट, दोघंही त्यातच. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत ती तलावावर गेली, तर चिखलात हात-हात लांबीचे कटले तोंड वासून पडलेले. लोक उचलून नेत होते. नेणारच, भुकेल्या माणसाला कोण काय बोलणार? पुतळाबाईनं मात्र त्यातले अकरा जिवंत मासे निवडले, दोन-दोन करून हंड्यात घातले आणि सहा खेपांत बलभीमच्या विहिरीत नेऊन सोडले.

बलभीम बौद्ध वस्तीतला, पाटबंधारे खात्यात पाटकरी. मोजमाप आणि टिपणं यांत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्याच्या वडिलांच्या विहिरीला त्या सालातही पुरुषभर पाणी होतं. गावातल्या बाकी कुणी आपल्या पिण्याच्या पाण्यात मासे टाकू दिले नसते, पण म्हातारा म्हणाला, "टाक पोरी, पाण्याला बी सोबत पायजे." भोयाच्या बाईनं दिवसातून दोनदा त्या वस्तीवर जावं हे काहीजणांना खुपलं. तिनं खुपू दिलं. कामावर सरकारी सुकडी, म्हणजे गोड पिठाचा शिधा, मिळायची, त्यातली मूठभर पदराला बांधून ती विहिरीवर जायची आणि माशांना घालायची. पोटाला चिमटा घेऊन माशांना सुकडी घालणाऱ्या बाईला वेडी म्हणू नये तर काय म्हणावं!

पण पाऊस आला, तलावात पाणी साठलं आणि ते अकराच्या अकरा मासे तलावात परत गेले. दोन वर्षांनी भोयांची सोसायटी झाली. पुतळाबाईचा धाकटा दीर आबाराव चेअरमन झाला. त्याचा मुलगा भीमाशंकर सरकारी केंद्रात जाऊन बी तयार करायचं शिकून आला. अंडी सुटावीत म्हणून नर-मादीला औषधाची सुई टोचायची, कापडी हापा, म्हणजे वरून उघडी चौकोनी पिशवी, पाण्यात बांधून त्यात सोडायचं, की सकाळी हापा अंड्यांनी भरलेला. एका मादीपासून लाखावर जिरे. जिऱ्याएवढी ती पिल्लं पुढं नर्सरीच्या तळ्यात वाढवून बोटुकली करायची आणि विकायची. व्यंकट तेवढा वैभवाचा काळ बघायला राहिला नाही, पण ज्या दिवशी पहिलं बी गावाबाहेर गेलं त्या दिवशी आबारावानं भावजयीला खुर्चीवर बसवून नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वैनी, हे बी तुमचं. दुसऱ्याचं एक पिल्लू ह्यात मिसळू देणार न्हाय." टाळ्या पडल्या. पुतळाबाईनंही वाजवल्या. पुढं तिला त्या टाळ्यांची फार लाज वाटली.

कारण हे वाक्य त्यांनी खरोखरच पाळलं. आठ वर्षं बाहेरचा एक मासा तलावात येऊ दिला नाही. शिवाय एका मादीत लाखाचं काम भागतंय म्हटल्यावर दहा जोड्या कोण टोचत बसतो? दोन नाही तर तीन जोड्या, बास. त्यातही मोठा, भरलेला मासा बाजारात उठायचा, म्हणून तो बाजारात जायचा, आणि मागं उरलेले बारके पुढच्या बियाण्यासाठी ठेवायचे. ज्वारीचं बी राखताना पहिलं टपोरं कणीस बाजूला काढणारी ही माणसं, पण माशाच्या बाबतीत ते कुणाला सुचलं नाही. पुतळाबाईलाही नाही.

ऐंशीच्या सुमाराला बोटुकली निवडताना तिच्या हाताला वाकडी पाठ लागायला लागली. आधी शेकड्यात एखादी. मग चार. मग एकीकडचं कल्ल्याचं झाकणच नाही, आतला लालभडक कल्ला उघडा, अशी पिल्लं. अंडी निम्मी पांढरी पडून वाया जायला लागली. मासा वर्षाला दीड-दोन किलोचा व्हायचा, तो पाऊण किलोवर अडकला. कुणी म्हणालं शेतातलं खत पाण्यात उतरलं, कुणी म्हणालं नजर लागली. पाण्यातल्या साती आसरांना नैवेद्य झाला, काळी बाहुली टांगली गेली. भीमाशंकरनं पेंड बदलली. वाकड्या पाठीवर कसलाच उतारा चालेना.

मग त्र्याऐंशीच्या वैशाखात सारजाबाई आली. ही पुतळाबाईची लांबची नणंद, आणि सोयरिकी जुळवणं हा तिचा श्वासोच्छ्वास. पुतळाबाईच्या नातीसाठी तिनं लातूरकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं जमत आलं, आणि मग नेहमीचा प्रश्न निघाला. देवक कोणतं? लग्नात ज्या झाडाची डहाळी पुजायची ते घराण्याचं देवक. पुतळाबाईकडं कळंब. मुलाकडंही कळंबच निघाला. सारजाबाईनं कपाळाला हात लावला.

"संपलं. एका देवकाचं म्हंजी भावंडंच की गं. कुठं सोयरीक व्हती व्हय?"

"का गं? चार पिढ्यांत ह्यांचा आमचा संबंध न्हाय," पुतळाबाई म्हणाली. तिला स्थळ आवडलं होतं.

"आसू दे न्हाय तर नसू दे. रगत एक. जुनी मान्सं काय उगं सांगत व्हती?"

पुतळाबाईच्या मांडीवर जाळं होतं. ती तुटलेली घरं सांधत होती. तिचा हात तिथंच थांबला. सारजाबाईला वाटलं, स्थळ गेल्याचं दुःख झालं. आणि मग पुतळाबाईनं विचारलं, "सारजे, माझ्या माश्यांचं देवक काय असंल गं?"

सारजाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुतळाबाईला हसू आलं नाही. ती बोटांवर मोजत होती. अकरा मासे. त्यातलेही दोन-तीनच टोचले. मग त्यांची पोरं एकमेकांत, मग त्यांची पोरं एकमेकांत. सात-आठ वर्षं आपण भावाबहिणींची लग्नं लावतोय आणि वर नारळ घेतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला तिथं बसवेना.

ती उठली ती थेट बलभीमकडं गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला नाही, एवढंच तिला पुरे होतं. गावाखाली तेरणेच्या पात्रात काळा डोह आहे. कडक उन्हाळ्यातही त्यात पाणी राहतं, आणि त्यात नदीचा कटला होता, पुराबरोबर कुठून कुठून आलेला, कुणी न टोचलेला. दुष्काळानंतर गावचा तलाव एकदाही सांडव्याला लागला नव्हता, म्हणजे तलावातलं पिल्लू नदीत उतरलेलं नव्हतं. भादव्यात पुतळाबाईनं डोहातून पन्नास बोटुकली धरली, तलावातून पन्नास धरली. दोन्ही सारख्या मापाच्या. बलभीमच्या विहिरीत मधोमध जाळं ताणून एकीकडं ही, एकीकडं ती सोडली. पाणी एक, पेंड एक, ऊनसावली एक.

पुढच्या चैत्रात बाहेर काढली तेव्हा डोहाकडची त्रेचाळीस जिवंत होती, वीतभर आणि वर चार बोटं. तलावाकडची एकवीस उरली होती, जेमतेम वीत, आणि त्यातली नऊ वाकडी. बलभीमनं फूटपट्टी लावून एकेक मापलं, वहीत लिहिलं, पुन्हा विहिरीत आपापल्या बाजूला सोडलं आणि वही मिटली. "आता ह्याला पाण्याचा दोष म्हणता येनार न्हाय, बाई," तो म्हणाला.

पावसाळा सरल्यावर तीच वही घेऊन पुतळाबाई या सोमवारच्या बैठकीत गेली होती. तिचं म्हणणं सोपं होतं. डोहातले मासे आणा, त्यांची तलावातल्याशी जोडी लावा, बी सुधारेल. पण तलावातलं पिल्लू चुकूनही डोहात टाकू नका. डोहात ते मिसळलं की बाहेरचं म्हणून काही उरणारच नाही.

आबारावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तालुक्याच्या साहेबांनी नदीत बी सोडायचं उद्दिष्ट दिलं होतं. ते भरलं तर सोसायटीला पक्क्या बांधणीची हॅचरी मंजूर होणार होती. "वैनी," तो दात आवळून म्हणाला, "ज्या बियानं आपल्या घराला नाव दिलं, त्याला तुमी भाऊबहिनीची अवलाद म्हनता? उद्या साऱ्या जिल्ह्यात हसं व्हईल."

"हसू दे की. डोह ऱ्हाईल."

"डोह कुणाच्या बापाचा न्हाय, सोसायटीचा हाय," आबाराव म्हणाला आणि ठराव पुकारला. सगळे हात वर गेले. भीमाशंकर सेक्रेटरी. त्यानं ठराव लिहिला, पण सबंध बैठकीत मोठ्या आईकडं, म्हणजे पुतळाबाईकडं, एकदाही बघितलं नाही. तिला ते लागलं. व्यंकट गेल्यापासून तो तिच्याच घरी जेवायचा.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तिनं घरोघर पाय झिजवले. कुणी चहा दिला, कुणी दाराआडून घरात नाही म्हणून सांगवलं. भावकी अशा वेळी फार शिस्तीनं वागते.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला काळ्या डोहावर माणसं जमली. बोटुकलीनं भरलेले अॅल्युमिनियमचे वीस हंडे ट्रॅक्टरवरून उतरले. साहेब जीपमधून आले, त्यांना हार घातला गेला. आबाराव पांढऱ्या टोपीत. पहिला हंडा साहेबांच्या हातून ओतायचा होता. दोन गड्यांनी तो उचलून काठाशी आणला, आणि तेवढ्यात पुतळाबाई गुडघाभर पाण्यात उतरून समोर उभी राहिली. तिच्या हातात घरची पितळी परात होती आणि मागं काठावर तिनं आणलेली बादली.

"वैनी, बाजूला व्हा," आबाराव म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळंच ऐकणारे दचकले.

"व्हते. आदी साहेबांना बी बघू द्या. साहेब, तुमी सोडनार, मग बघून सोडा."

साहेबांना बायकांशी वाद घालायची सवय नसावी. ते घड्याळाकडं बघून म्हणाले, "काय बघायचंय बाई, लवकर बोला."

पुतळाबाईनं हंड्याखाली परात धरली आणि हंडा कलंडवून पाण्यासकट ओंजळ-दोन ओंजळ बोटुकली घेतली. परात खडकावर ठेवली, उकिडवी बसली आणि निवडायला लागली. वाकडी पाठ डावीकडं, उघडा कल्ला त्याच्या शेजारी, सरळ उजवीकडं. वीस वर्षं जाळ्यात गेलेली बोटं, तांदळातले खडे निवडावेत तशी चालत होती. सूर्य पाठीवर आला होता आणि तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. आबाराव एकदा पुढं झाला, पण साहेबच वाकून बघायला लागले म्हटल्यावर जागीच थांबला.

"एकशे बारा," पुतळाबाई म्हणाली. "त्यातली एकोनतीस अशी. मोजून घ्या."

साहेबांनी मोजली नाहीत. त्यांनी एक वाकडं पिल्लू तळहातावर घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

आबाराव काही बोलण्याआधी बलभीम पुढं आला आणि वही उघडून धरली. पुतळाबाईनं बादलीतले दोन मासे दाखवले, एकाच विहिरीतले, एकाच वयाचे, एक डोहाचा आणि एक तलावाचा. शेजारी शेजारी धरल्यावर सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. तरी तिनं सांगितलं, आपल्या भाषेत, देवकाचं. गर्दीतले दोन-तीन म्हातारे माना हलवायला लागले. एका देवकात सोयरीक होत नाही, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं.

"सोत्ताच्या हातानं सोत्ताच्या नावावर माती टाकताय, वैनी," आबाराव म्हणाला.

"नाव माझंच हाय न्हवं? मग माती टाकायचा हक्क बी माझाच."

साहेब शहाणे होते, म्हणजे स्वतःपुरते शहाणे होते. त्यांनी हार काढून जीपमध्ये ठेवला आणि आबारावाला म्हणाले, "आज नको. कागदावर लिहा, डोहात पाणी अपुरं." डोह तुडुंब भरलेला होता. जीप निघून गेली. हंडे पुन्हा ट्रॅक्टरवर चढले, आबाराव कुणाकडंही न बघता चालायला लागला, आणि त्याच्या मागं गर्दीही पांगली. बलभीमला पाळीवर जायचं होतं. जाताना तो म्हणाला, "जिंकलात बाई."

पुतळाबाई खडकावर बसली. चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं. डोहाचं पाणी हिरवंगार, शांत होतं, आणि ते वाचलं होतं.

भीमाशंकर मात्र गेला नव्हता. तो येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"मोठी आई, एक सांगायचं ऱ्हाईलंय."

"बोल की. म्या काय तुझ्यावर रागावले न्हाय."

"गेल्या दिवाळीच्या तोंडाला नर्सरीत लई दाटी झाली. गिऱ्हाईक न्हवतं. पिल्लं वर यून मरायला लागली. बाबा म्हनले, खड्ड्यात पुरून टाक. खड्डा बी काढला व्हता. पन तुमचं बी ते. सुकडी घालून जगवलेलं. मातीत टाकवंना मला. म्या आन् दोन गड्यांनी हितं आनून सोडलं. बाबांना ठाव न्हाय."

पुतळाबाईनं विचारलं, "किती?"

"चाळीस हजार."

तिला ओरडायचं होतं, त्याच्या थोबाडीत मारायची होती. पण तो रडत होता, आणि त्यानं जे केलं ते तिच्यावरच्या मायेपोटी केलं होतं, आता या रागाचं करायचं काय हे तिला कळेना. थोड्या वेळानं ती उठली. "जाळं आन," एवढंच म्हणाली.

दोघांनी मिळून डोहाच्या उथळ अंगाला दोनदा जाळं ओढलं. तिसाएक मासे आले, सगळे वीत-दीड वीत. दोन वाकडे होते, ते तिनं काठावर टाकले. मग उरलेले एकेक हातात घेऊन बघायला लागली. तलावातला मासा डोळे झाकून सांगेन, असं ती नेहमी म्हणायची आणि ते खरंही होतं. पण इथं पाण्यानं सगळ्यांना एकच रंग दिला होता. हा बारका दिसतो, तो तलावाचा म्हणून, का यंदाच्या पुराबरोबर उशिरा आला म्हणून? याची पाठ सरळ आहे, पण त्याच्या वाकड्या भावाचं रक्त त्याच्यात नाही कशावरून? ती प्रत्येक माशाचा कल्ला उचलून बघत होती, पोटाखाली बोट फिरवत होती आणि मासा पुन्हा पाण्यात सोडत होती.

"ह्यो कुणाचा?" भीमाशंकर दर वेळी विचारत होता. पहिल्या पाच-सहा माशांना ती काहीतरी उत्तर देत होती. नंतर देईनाशी झाली.

शेवटचा मासा चांगला दीड वीत होता. रुंद डोकं, चांदीसारखे खवले, पाठ सरळ. अकरा वर्षांत इतका देखणा कटला तिच्या हातात आला नव्हता.

"ह्यो तरी डोहाचा असंल, मोठी आई," भीमाशंकर काकुळतीला येऊन म्हणाला.

पुतळाबाईनं तो पाण्याखाली दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला. "न्हाय सांगता येत रं," ती म्हणाली, आणि तळवे उघडले.